दहापैकी चार

आमच्या पुतणीची मुलगी २०२३ च्या पावसाळ्यात सहा आठवडे बदलापूरला आमच्याकडे राहून गेली. जन्म न्यू जर्सीतला, शिक्षण तिथलंच, मराठी मात्र बऱ्यापैकी. 'ळ' जमत नाही आणि 'तुम्ही ये' असं म्हणते, पण बोलायला लाजत नाही. कॉलेजात तिला एक प्रकल्प करायचा होता. विषय लोकप्रिय संस्कृती. मी म्हटलं, म्हणजे नक्की काय गं? तर म्हणाली, "आजोबा, लोकांना कोणी शिकवलं नाही, कोणी मार्क दिले नाहीत, तरी लोक जे गातात, बघतात, वाचतात ते."

'कोणी मार्क दिले नाहीत' हे शब्द तिने सहज वापरले. मला ते चांगलेच लागले, पण त्याबद्दल पुढे सांगतो.

पहिल्या आठवड्यात मी तिला माझ्या पद्धतीने फिरवलं. अंबरनाथचं शिवमंदिर दाखवलं. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, शिलाहार राजा मम्वाणी, भूमिज शैली... सगळं शाळेतल्यासारखं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बाईंजवळ जाऊन बसली. महाशिवरात्रीच्या जत्रेत काय काय असतं, पाळणे कुठे लागतात, गाणी कुठली वाजतात, हे तासभर विचारत होती. मी आपला छत्री धरून उभा!

मग एका संध्याकाळी तिने मला विचारलं, "आजोबा, तुम्ही छत्तीस वर्षं उल्हासनगरला शिकवलं. तुमच्या वर्गातली मुलं घरी काय गायची?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. हजारो मुलं हाताखालून गेली. कुणाचं अक्षर कसं होतं ते आजही सांगेन. पण ती घरी काय गात होती? मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या प्रश्नाने मला पुन्हा जुन्या पुस्तकांकडे नेलं. कारण असे प्रश्न विचारणारी अमेरिकेची ही काही पहिली विद्यार्थिनी नव्हे. साठ वर्षांपूर्वीपासून अशा मुली महाराष्ट्रात येत होत्या, आपल्याकडे राहत होत्या आणि आपण ज्याकडे ढुंकून पाहत नव्हतो ते जपून टिपून घेत होत्या. त्यांचा इतिहास आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही, म्हणून इथे थोडा सांगतो.

सुरुवात थोडी विचित्र आहे, गव्हापासून. माझ्या वयाच्या सगळ्यांना रेशनवरचा अमेरिकन गहू आठवत असेल. पीएल ४८० नावाच्या कायद्याखाली तो गहू यायचा आणि भारत त्याचे पैसे रुपयांत भरायचा. हे रुपये अमेरिकेला इथेच खर्च करावे लागत. १९६२ पासून त्यातला काही भाग भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवण्यात जाऊ लागला. म्हणजे आमच्या आया तो गहू निवडत होत्या आणि त्याच व्यवहारातून मराठी कादंबऱ्या, चरित्रं आणि अंक समुद्रापार जाऊन कपाटात बसत होते. आपल्या गावच्या वाचनालयात न मिळणारं जुनं मराठी पुस्तक शिकागोत मिळतं, असं लोक आश्चर्याने सांगतात. त्यामागे हा गहूही आहे.

दुसरं कारण विद्यापीठांचं. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन ब्राऊन या संस्कृत पंडितांनी १९४८ मध्ये दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग उभा केला. त्यांच्याच पुढाकाराने १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली आणि तिचं भारतातलं पहिलं ठाणं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होतं. त्यामुळे हे अभ्यासक हिंदी, संस्कृतवर थांबले नाहीत. त्यातले बरेच मराठीकडे वळले.

फिलाडेल्फियाचं नाव आपल्या बाजूला नवं नाही. आनंदीबाई जोशींचं माहेर कल्याणचं, आमच्यापासून चार स्टेशनांवर. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. ऐंशी वर्षांनी त्याच शहरातून उलट वाटेने मुली आल्या. कल्याणच्या मुलीचं नाव आपण शाळांना दिलं, ते योग्यच. या मुलींची मात्र नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

त्यातल्या एक एलिनॉर झेलियट. जन्म १९२६ चा, आयोवा राज्यातला, घरचे संस्कार क्वेकर पंथाचे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्या महाराष्ट्रात राहिल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावर पेनसिल्व्हेनियात पीएच.डी. मिळवली. आज हा विषय साधा वाटेल. पण त्या काळी आमच्या बी.ए.च्या वर्गात हा इतिहासाचा विषय आहे असं कोणी म्हटलं असतं, तर आम्ही हसलो असतो. झेलियटबाईंनी कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. पत्रकं, गाणी, आठवणी सगळं गोळा केलं. पुढे त्या कार्लटन कॉलेजात शिकवू लागल्या. चोखामेळ्यापासून दलित कवितेपर्यंत त्यांनी लिहिलं. १९९२ मध्ये त्यांच्या निबंधांचं पुस्तक आलं. २०१६ मध्ये त्या गेल्या.

दुसऱ्या गेल ऑम्व्हेट. जन्म १९४१, मिनियापोलिसचा. यांनी बर्कलेत १९७३ मध्ये पीएच.डी. केली, विषय पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. ते पुस्तक १९७६ मध्ये मुंबईत निघालं. मला त्यातला एक धागा फार महत्त्वाचा वाटतो. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला, हे आम्ही फळ्यावर लिहून द्यायचो. पण तो विचार खेड्यात पोचला कसा, हे आम्ही कधी सांगितलं नाही. तो पोचला तमाशातून. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, त्यात आपलं म्हणणं घातलं आणि वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत ते नेलं. स्वतः जोतिरावांनीही १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला होता, ग्रंथ नव्हे. लोक काय ऐकतात हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. ऑम्व्हेटबाई पुढे कासेगावला भारत पाटणकरांच्या घरी सून म्हणून आल्या, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथेच गेल्या. नागपूरच्या वसंत मून यांचं 'वस्ती' हे आत्मकथन इंग्रजीत त्यांनीच नेलं.

तिसऱ्या मॅक्सीन बर्नसन. या १९६६ मध्ये फलटणला आल्या. फलटणच्या लोकांचं मराठी जातीपातीप्रमाणे आणि शिक्षणाप्रमाणे कसं बदलतं, हा त्यांचा प्रबंधाचा विषय. तोही पेनसिल्व्हेनियाचाच, १९७३ चा. आम्ही भाषाशिक्षक ज्याला 'अशुद्ध' म्हणून लाल रेघ मारत होतो, त्याचे नियम या बाई शोधत होत्या! जाई निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं आणि शब्दकोश केला. १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि १९८६ मध्ये फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली.

बर्नसनबाईंच्या बाबतीतली एक हकीकत मी कितीतरी जणांना सांगितली आहे. फलटणमध्ये बेबी कांबळे नावाच्या बाई छोटं दुकान चालवायच्या. दुकानात बसल्या बसल्या त्या आपल्या समाजाच्या बायकांचं जिणं लिहून काढायच्या आणि घरच्यांना दिसू नये म्हणून कागद लपवून ठेवायच्या. अशी वर्षानुवर्षं गेली. बर्नसनबाईंना त्या लेखनाबद्दल कळलं. त्यांनी ते बाहेर काढायला लावलं. आधी 'स्त्री' मासिकातून आणि मग १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक आलं. फलटणमध्ये शिक्षक काही कमी नव्हते. पण त्या कागदांबद्दल आस्थेने विचारणारी व्यक्ती निघाली ती सातासमुद्रापलीकडची.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. फ्रेडरिक शॉट नावाचा एक अमेरिकन तरुण जपानमध्ये विद्यार्थी म्हणून राहत होता. तिथल्या मंगा, म्हणजे चित्रकथांच्या वेडात तो पडला आणि १९८३ मध्ये त्याने त्यावर इंग्रजीत मोठं पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना दिली ती जपानचा सर्वांत मोठा मंगाकार ओसामू तेझुका याने. आज त्या चित्रकथांवर विद्यापीठांत प्रबंध होतात. आमच्या नातीच्या खोलीतही त्याच आहेत, आणि तिची आई 'हे काय वाचतेस' म्हणून रागावते, ते वेगळंच.

आता तुम्ही म्हणाल, परक्यांचं एवढं कौतुक कशाला? बरोबर आहे. परक्याला चुका होतात, काही गोष्टी शेवटपर्यंत कळत नाहीत, आणि गोऱ्या माणसाने शाबासकी दिली की आपल्याला आपलं मोठं वाटायला लागतं, हा आपला जुना रोग आहे. शिवाय आपल्यातही हे करणारे होतेच. पुण्याच्या हेमा रायरकर यांनी फ्रान्सहून आलेल्या गी पॉइटेव्हँ यांच्याबरोबर खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. इरावतीबाई कर्वे वारीला पायी चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. तेव्हा प्रश्न देशी-परदेशी असा नाही. परक्याला एक सोय असते, एवढंच. कुठलं गाणं वरचं आणि कुठलं खालचं, हे त्याला लहानपणी कोणी शिकवलेलं नसतं. आम्हाला ते शिकवलेलं होतं. आणि आम्ही ते पुढे शिकवलं.

आता ती गोष्ट सांगतो.

१९८६ साल. उल्हासनगरच्या एका शाळेत मी नववीला मराठी शिकवत होतो. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला नवं नाव मिळालं, पण लोक अजून कॅम्प नंबरच सांगतात. बाजार, कारखाने वाढले तशी देशावरून, खानदेशातून, मराठवाड्यातून माणसं कामाला आली. शहाडचा रेयॉनचा कारखाना, अंबरनाथचा काडेपेटीचा विमको आणि ऑर्डनन्स, यांत काम करणाऱ्यांची मुलं माझ्या वर्गात असायची. एकाच्या घरी चालियाचे चाळीस दिवसांचे उपास आणि झुलेलालची गाणी. दुसऱ्याच्या घरी काकड आरती. तिसऱ्याच्या घरी चौदा एप्रिलचा कार्यक्रम. आणि मी त्या सगळ्यांना बालकवी शिकवत होतो. बालकवी शिकवले याचं दुःख नाही, हे आधीच सांगतो.

निबंधाचा विषय दिला होता 'माझा आवडता कवी'. साठांपैकी पंचावन्न जणांनी गाइडातले कुसुमाग्रज लिहून आणले. एकाने लिहिलं वामनदादा कर्डक यांच्यावर.

वामनदादा म्हणजे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. शाळेत न जाता मोठेपणी अक्षरं शिकले आणि नंतर हजारो गाणी रचली. गावोगाव फिरून आंबेडकरांचा विचार त्यांनी लोकांच्या तोंडी घातला. २००४ मध्ये ते गेले. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नाव कानावर होतं, लाउडस्पीकरवरून आलेलं. ती गाणी मला 'त्यांची' वाटायची. आपली नाहीत आणि कविता तर नाहीतच.

निबंध वाईट नव्हता. त्यात एक वाक्य होतं की वडील रात्रपाळीहून आले की आधी पाणी पितात आणि मग एक गाणं म्हणतात. मी लाल शाईने दहापैकी चार दिले आणि खाली लिहिलं, 'परीक्षेत चालेल असा कवी निवडावा. पुन्हा लिहून आण.' त्याने दोन दिवसांनी कुसुमाग्रजांवर आणला. तो गाइडातला होता, शब्दन् शब्द. हे मला वाचताक्षणी कळलं, तरी मी सात दिले.

न्यू जर्सीच्या पोरीने प्रश्न विचारला आणि हा निबंध सदतीस वर्षांनी वर आला. दोन रात्री झोप लागली नाही. हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "मग फोन करा की. तळमळून काय होणार?"

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नंबर मिळाला. तो आता वायरिंगची कामं घेतो, पन्नाशी उलटली आहे. मी नाव सांगितल्यावर तो खुर्चीवरून उठला असावा, तसा आवाज आला. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "नववीत तू एक निबंध लिहिला होतास..."

"वामनदादा. चार मार्क," तो लगेच म्हणाला. आणि हसला. रागाने नाही. पण विसरला नव्हता.

मी म्हटलं, अरे, चूक माझी होती. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, एक सांगू का? त्या दिवशी वही माझ्या दप्तरात होती. आमच्या वडिलांची. कार्यक्रम ऐकून आले की ते गाणी उतरवून ठेवायचे. दोनशे पानी होती. तुम्हाला दाखवायची म्हणून त्यांना विचारून आणली होती. मार्क बघितले आणि नाही काढली."

मी विचारलं, ती वही आता कुठे आहे?

२६ जुलै २००५. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, आमच्या या सगळ्या पट्ट्याला ती तारीख सांगावी लागत नाही. उल्हास नदी वर आली आणि वालधुनीही. वालधुनीच्या काठी त्यांची खोली होती. पाणी छतापर्यंत गेलं. माणसं वाचली, पत्र्याची पेटी गेली. वही पेटीत होती. वडिलांना पुष्कळ गाणी पाठ होती. पण २०११ मध्ये तेही गेले.

मला राहून राहून फलटणचे ते कागद आठवतात. तेही असेच लपवलेले होते. त्याच वर्षी, १९८६ मध्येच, त्यांचं पुस्तक झालं. तिथे कुणीतरी 'काय लिहिता?' असं विचारलं होतं. इथे वही माझ्यापासून हातभर अंतरावर दप्तरात होती आणि मी विचारलं नाही. तिच्यात फार मोठा खजिना होता असं मी म्हणत नाही. कदाचित अर्धी गाणी दुसरीकडे छापलेलीही असतील. पण कुठल्या कार्यक्रमात कोण काय गायलं, आणि रात्रपाळीच्या एका कामगाराला त्यातलं काय जपून ठेवावंसं वाटलं, हे त्या एकाच वहीत होतं.

आणि हे फक्त दुसऱ्यांच्या घरचं आहे असंही समजू नका. माझी आई जात्यावर बसून ओव्या म्हणायची. त्यात आम्हा भावंडांची नावं यायची. मी बी.ए. झालो, मराठी घेऊन झालो, ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची वैशिष्ट्यं पेपरात लिहिली. आईची एकही ओवी मी लिहून घेतली नाही. तिला तरी मी किती मार्क दिले होते?

तो पुढच्या रविवारी घरी आला. येताना मिठाईचा पुडा घेऊन आला आणि वाकून नमस्कार करायला लागला, तेव्हा मीच संकोचून गेलो. पोरीने फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. त्याला वडिलांची आठ-नऊ गाणी आठवत होती. चार पूर्ण म्हणाला. आवाज साधा, पण ताल पक्का, मांडीवर हात मारत. पाचव्याचं तिसरं कडवं काही केल्या आठवेना. तो डोळे मिटून पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचा आणि तिथेच अडायचा. असं तीनदा झालं. मग डोळे उघडून म्हणाला, "वहीत होतं, सर."

पोरगी ऑगस्टात परत गेली. तिचा प्रकल्प झाला, गुणही चांगले मिळाले म्हणे. जाताना मला म्हणाली, रेकॉर्डिंग आहे, पण शब्द कोणीतरी नीट लिहून काढायला हवेत, मला सगळे कळत नाहीत. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. दोनशे पानी वही आणली आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी तो येतो, सांगतो आणि मी उतरवून घेतो. उच्चार तो करतो तसाच लिहितो, दुरुस्त करत नाही. हात शिवशिवतो, पण नाही करत.

वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींना आणि स्नेह्यांना एक विनंती आहे. घरात जी म्हातारी माणसं आहेत, त्यांना काय पाठ आहे ते विचारा. आरती असो, ओवी असो, भल्लरी असो, सिनेमाचं जुनं पद असो. चांगलं की वाईट ते नंतर बघू. आधी लिहून घ्या. आणि आमच्या आईच्या ओव्यांपैकी कुणाला, विशेषतः बेळगावच्या आत्याला, एखादी ओळ जरी आठवत असेल, तर ताबडतोब कळवा.

असो. फार लांबलं. उद्या रविवार, तो यायचा आहे. त्याला हल्ली चहात साखर चालत नाही, तेवढं हिला सांगून ठेवलं पाहिजे.